अर्जाचे कारण

“पुन्हा कोरा झाला?” सुलक्षणाने फोन खांद्याशी दाबून धरत विचारलं.

“पूर्ण कोरा,” पलीकडून तुळशीदास म्हणाले. “नाव गेलं, पत्ता गेला, सगळंच गेलं. वर लाल अक्षरात इंग्लिशमध्ये कायतरी आलंय. मॅडम, सकाळपासून हाच धंदा चाललाय माझा.”

लाल अक्षरात काय आलं असेल ते सुलक्षणाला पाठ होतं. ‘इनव्हॅलिड इनपुट.’ काय चुकलं, कुठे चुकलं, त्याचा पत्ता नाही.

तिची कंपनी मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. म्हाताऱ्या माणसांना कानाची मशीन देणाऱ्या एका ट्रस्टची वेबसाइट त्यांनी करून दिली होती. मदतीसाठी म्हणून तिथे जो नंबर टाकला होता तो सुलक्षणाच्या टेबलावर वाजायचा, कारण त्यासाठी वेगळा माणूस ठेवायला कोणीच तयार नव्हतं. खरं तर तिचं काम सर्व्हरवरचं. लोकांनी भरलेला फॉर्म तिथे येतो, नियमांना लावून तपासला जातो, बसला तर साठवला जातो, नाही बसला तर परत पाठवला जातो. वीस वर्षं ती हेच करत आली होती. दहिसरला घरी सासूबाई अजून पाहुण्यांना सांगायच्या, “कॉम्प्युटरवर बसते.”

या साइटवरची तपासणी मात्र तिने लिहिली नव्हती. प्रोजेक्टचा प्रमुख सुबोध, त्याने घाईघाईत एका जुन्या कामातले नियम उचलून इथे चिकटवले होते. त्यामुळे नावात फक्त इंग्रजी अक्षरं चालत. शिवाय एखादा रकाना चुकला की अख्खं पान कोरं होऊन परत जाई. भरलेलं जसंच्या तसं परत दाखवायची सोय साइट ज्यावर उभी होती त्या फ्रेमवर्कमध्ये तयारच होती, फक्त वापरायची होती. सुलक्षणाने पहिल्याच मीटिंगमध्ये हे सांगितलं होतं. “फेज टूमध्ये घेऊ,” सुबोध म्हणाला होता. फेज टू काही उजाडली नव्हती.

“काका, नाव इंग्लिशमध्ये लिहून बघाल का?”

“इंग्लिश येत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?” तुळशीदास वैतागून म्हणाले. मग आवाज खाली आला. “नावाचं नाय हो काही. खाली कारण विचारलंय ना, बायकोला मशीन कशाला पाहिजे? तिथे सगळं लिहिलं होतं मी. लग्नापासूनचं. ती मार्केटला गेली तेव्हा बसून लिहिलं. ते कुठे गेलं असेल?”

सुलक्षणाने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. त्यांच्या प्रत्येक प्रयत्नाची एकेक ओळ होती: नाव अवैध, अर्ज परत. बाकी काही नाही. जे नियमात बसलं नाही ते ठेवायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

“ते राहत नाही, काका.”

“म्हणजे कोणी वाचलंच नाय?”

“नाही.”

“फोन ठेवू नका, काका. आलेच मी.”

ती उठून सुबोधच्या केबिनमध्ये गेली. “सुबोध, तो ट्रस्टचा फॉर्म. आज शेवटचा दिवस आहे. नावाचा नियम बदलते आणि भरलेलं परत दाखवते. जेवणाच्या आधी होईल.”

“वेडी आहेस का? शेवटच्या दिवशी लाइव्ह साइटला हात लावायचा?”

“शेवटच्या दिवशीच लोक भरतात ना!”

“ट्रस्टचं अप्रूव्हल आण लेखी. मग बघू.”

“त्यांच्या ऑफिसात कोणी फोन उचलत नाहीये.”

“मग मी काय करू, यार? क्लायंटने असाच पास केलाय. जो फॉर्म त्यांना चालतो, तो आपल्याला चालतो.”

“भरणाऱ्याला चालत नाही त्याचं काय?”

“भरणारा बिल देत नाही, सुलक्षणा.”

ती परत टेबलाशी आली तेव्हा तिचे कान तापले होते. फोन अजून चालू होता. “काका, वर्सोव्यालाच ना तुम्ही? मेट्रोने मरोळ नाक्याला या. काकींनाही आणा, सही लागेल. मी बसून भरते.”

दुपारी दोघं आली. तुळशीदास उंच, इस्त्रीचा शर्ट घातलेले. आयुष्य बोटीवर गेलेलं, आता गुडघ्यांमुळे घरी. अंजनाबाई मार्केटमधून थेट आल्या होत्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, अंगाला मासळीचा वास. रिसेप्शनवरच्या मुलीने नाक मुरडलं. सुलक्षणाने दोघांना आपल्या टेबलाशी खुर्च्या दिल्या.

नाव, पत्ता, वय सगळं तिने इंग्रजीत भरलं. मग कर्सर कारणाच्या रकान्यात येऊन थांबला.

“सांगा, काका. सकाळी लिहिलं होतं ते.”

तुळशीदासांनी बायकोकडे पाहिलं. अंजनाबाई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या, वर्गात प्रश्न न कळलेल्या मुलीसारख्या.

“ते आता नाय सांगता यायचं,” ते म्हणाले.

“त्यांना ऐकू नाही ना येत?”

“ऐकू नाय येत. पण माझं तोंड वाचते ती. पन्नास वर्षं वाचतेय.” ते खुर्चीत सावरून बसले. “घरात कोणी नव्हतं म्हणून लिहिलं गेलं. तिच्यासमोर कसं बोलू? तुम्ही लिहा, ऐकू येत नाही. मशीन मिळावी. बस.”

“एवढंच?”

“खोटं आहे काय त्यात?”

“काय विचारते रे ती?” अंजनाबाईंनी एवढ्या मोठ्याने विचारलं की पलीकडच्या टेबलांवरची डोकी वर आली.

“पत्ता!” तुळशीदास ओरडले.

“मग सांग ना! गल्ली सांग. नायतर चुकतील.”

सुलक्षणाने लिहिलं: ऐकू येत नाही. मशीन मिळावी. आपल्या मनाचं काही भर घालावं असं तिला क्षणभर वाटलं. पण काय घालणार? तिला तरी कुठे माहीत होतं? तिने बटण दाबलं. अर्ज स्वीकारला गेला.

ती दोघं लिफ्टने खाली गेली आणि सुलक्षणाने कोड उघडला. नावाला देवनागरी चालेल असं केलं. भरलेलं परत पानावर येईल असं केलं. चूक असेल तिथेच, मराठीत, काय चुकलं ते दिसेल असं केलं. तपासून पाहिलं आणि साइटवर चढवलं. मग केबिनच्या दारात उभं राहून म्हणाली, “सुबोध, मी बदललंय.”

“परवानगीशिवाय? मला हे मेलवर घ्यावं लागेल.”

“घे.”

मेल आला, वरच्यांना कॉपी लावून. महिन्याभरात तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. आणि तिने केलेला बदल? तो काढायची कोणाला आठवणच राहिली नाही. मदतीचा नंबरही तिच्याच टेबलावर वाजत राहिला, कारण तोही हलवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यावरच एका सकाळी तुळशीदासांचा फोन आला.

“मॅडम, उत्तर आलं ट्रस्टचं. नाय म्हणतात.”

“का?”

“कारण सविस्तर दिलेलं नाही, असं लिहिलंय.”

सुलक्षणाने खुर्ची पुढे ओढली. मग ती भराभर बोलायला लागली. “काका, परत भरा. पुढच्या वेळचे अर्ज सुरू होतील. आता मराठीत लिहा, काही जाणार नाही, मी स्वतः केलंय. चुकलं तरी तुमचं लिहिलेलं तिथेच राहील.”

“बघू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तसं एकदा लिहिलं ते लिहिलं. परत तसं येत नाय.”

त्यांच्या मागे गलका होता, कोयत्याचा आवाज होता.

“तुम्ही कुठे आहात?”

“मार्केटमध्ये. हिच्या बाजूला बसतो आता. गिऱ्हाईक काय बोललं ते मी हिच्याकडे तोंड करून सांगतो. इथे पुरुषमाणूस बसत नाय कधी. बाकीच्या बाया हसतात मला. हसू दे.” मग एकदम म्हणाले, “थांबा हां, कोणीतरी आलंय.”

त्यांनी फोन ठेवला नव्हता, नुसता बाजूला केला होता.

“पापलेट ताजं आहे का विचारते!” त्यांचा आवाज आला, एकेक शब्द तोडून.

“ताजं?” अंजनाबाई कडाडल्या. “डोळे बघ म्हणावं त्याचे!”

“डोळे बघा त्याचे,” तुळशीदासांनी गिऱ्हाइकाला सांगितलं.

समोर नव्या प्रोजेक्टची मीटिंग सुरू व्हायची होती. याही प्रोजेक्टचा प्रमुख असलेला सुबोध हाताने खुणावत होता. सुलक्षणाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला.