विटांनी बुजवलेलं दार

झूनाने स्टुलावर चढून वाळलेल्या दुधीची माळ खिळ्याला अडकवली आणि सवयीने हात मागे केला. हात रिकामाच राहिला. वांग्यांची माळ खाली टोपलीत होती, ती तिची तिलाच उतरून घ्यावी लागली. दरवर्षी माळा हातात द्यायचं काम तिच्या नवऱ्याचं, सिद्दीकचं असे. यंदा तो खिडकीजवळच्या गादीवर भिंतीला टेकून बसला होता. नाकात नळी होती, आणि कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन त्याच्या वाटच्या धापा टाकत होतं.

"तिथे नको टांगूस," तो म्हणाला.

"का?"

"नको म्हणतोय ना."

"मग कुठे टांगू? तुमच्या नाकाला?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत ती माळ हातात धरून उभी राहिली, मग पुन्हा स्टुलावर चढली आणि वांगी तिथेच टांगली. दुसरी जागा होती कुठे? ते एके काळचं दार होतं. दार काढून विटांनी बुजवलं होतं, पण लाकडी चौकट तशीच राहिली होती आणि खिळे तिच्यात चांगले बसत. वांग्यांनंतर टोमॅटो, मग शलगम, असं सगळं वाळवण तिने त्या चौकटीवर चढवलं. सिद्दीक बघत राहिला.

विटांपलीकडे त्याचा धाकटा भाऊ अहद राहायचा. दोघे रोट्या भाजणारे नानबाई, वडील नानबाई, आजोबाही. गावाची सकाळ यांच्या दुकानातल्या तंदूरच्या रोट्यांनी व्हायची. वडील गेल्यावर अहदला तंदूर काढून रोट्यांसाठी मशीन आणायचं होतं, सिद्दीकला तंदूर सोडवत नव्हता. एकदा सिद्दीक सासुरवाडीच्या लग्नाला गेला असताना अहदने तंदूर पाडला. तंदूरच्या ओट्याच्या विटा पडल्या होत्या, परत आल्यावर सिद्दीकने त्याच उचलल्या आणि दोन घरांमधलं दार स्वतःच्या हाताने बुजवून टाकलं. तेव्हापासून भाऊ एकमेकांना मशिदीत दिसत आणि मान वळवत. आणि गंमत बघा, ज्या तंदूरपायी माणसाने सख्खा भाऊ तोडला, त्याच तंदूरच्या धुराने त्याची फुप्फुसं खाल्ली. अहद मात्र ठणठणीत होता.

झूनाची बाकीची तयारी चोख होती. चिनारची पानं झाडून, जाळून, वर पाणी शिंपडून तिने कोळसा केला होता आणि पोत्यांत भरला होता. बटाटे परसातल्या खड्ड्यात पुरले होते. तांदूळ, तेल, मेणबत्त्या, चिरलेली लाकडं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त निखाऱ्यांची कांगडी यंदा सिद्दीकच्या खोलीत जाणार नव्हती. ऑक्सिजनजवळ निखारा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर फिरनच्या घोळदार झग्याखाली कांगडी घेऊन बसलेला माणूस, त्याला तिने गरम पाण्याची रबरी पिशवी दिली होती.

"ओली मांजर मांडीवर घेतल्यासारखं वाटतं," तो कुरकुरायचा.

"मांजर तरी कुरकुर करत नाही."

पण तिची खरी धास्ती मशीनची होती. बर्फ पडला की तारा तुटणार, लाईट जाणार, आणि मग ती येईल तेव्हा येईल. लाईट गेली की मशीन आधी किंचाळायचं आणि मग मुकं व्हायचं. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली होती. तिच्यामागे ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, तोही भरून आणताना गाडीवाल्याच्या हातापाया पडावं लागलं होतं. रस्ता बंद झाल्यावर दुसरा येणार नव्हता. सिलिंडर संपल्यावर काय, हा विचार ती कोळसा भरताना करायची, बटाटे पुरताना करायची, आणि तिथपर्यंत आली की विचार सोडून जोरजोरात काम करायची.

उपाय विटांपलीकडेच होता. अहदकडे पीठ मळायच्या मशीनसाठी जनरेटर होता.

"एक तार मागू या," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "खिडकीतून येईल. कुणाला दिसणारही नाही."

"त्याच्या मशीनवर माझा श्वास? नको."

"श्वास काय कुणाच्या मशीनवर आहे ते विचारतो का?"

तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा. तिला वाटायचं, हा हेका आहे. त्या हेक्याचा तिला इतका राग यायचा की एकदोनदा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

बर्फ आला तो रात्रभर गुपचूप. सकाळी मशीनच्या किंचाळण्याने तिला जाग आली. तिने धावत जाऊन इन्व्हर्टर लावला. बाहेर अंगण नाहीसं झालं होतं, फाटकाचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. अजून पडतच होता.

सिद्दीक जागा होता.

"खिडकी उघड जराशी," तो म्हणाला. "मूठभर बर्फ दे."

"वेड लागलं का?"

"पहिला बर्फ आहे, झूना."

तिच्या हळूहळू ध्यानात आलं. पहिल्या बर्फाच्या दिवशी बर्फाची पुडी बांधायची आणि दुसरंच काही आहे असं सांगून समोरच्याच्या हातात द्यायची. त्याने बेसावधपणे घेतली की तो हरला. मग जिंकणारा मागेल ते त्याने द्यायचं. बहुतेक जण कोंबडीचं जेवण मागतात. म्हणून त्या दिवशी शहाणा माणूस कुणाच्याच हातून काही घेत नाही. लहानपणी हे दोघे भाऊ या खेळात पटाईत होते. अहदने एकदा वडिलांनाच तपकिरीच्या डबीत बर्फ दिला होता.

तिने खिडकी फटभर उघडून मूठभर बर्फ आत घेतला. सिद्दीकने तो दाबून गोळा केला, फडक्यात बांधला, वर दोऱ्याच्या गाठी मारल्या.

"अहदला नेऊन दे. सांग, जुन्या दुकानाची किल्ली आहे."

"आणि काय मागणार त्याच्याकडे?"

"ते मी त्यालाच सांगेन."

झूनाला हसू लपवता येईना. शेवटी हेका मोडला होता. माणसाला तोंडाने मागवत नाही म्हणून खेळात मागतोय, मागू दे! तिने इन्व्हर्टरचा दिवा पुन्हा एकदा पाहिला, सिद्दीकच्या छातीपर्यंत रजई ओढली आणि फिरनवर शाल घेऊन निघाली.

विटांपलीकडचं घर, पण जायचं तर फाटकातून बाहेर पडून गल्लीला वळसा घालायचा. गल्लीत दोन्ही बाजूंच्या छपरांवरचा बर्फ घसरून येतो. ती मांडीपर्यंत रुतली. एका ठिकाणी वरून धप्पकन ढीग कोसळला आणि ती खालीच बसली. तिने हाक मारली. भिंतींनी आणि बर्फाने ती गिळून टाकली, कुणी आलं नाही. बरंच धडपडल्यावर ती उठली. पुडी मात्र मुठीत होती.

अहदने दार उघडलं आणि तिला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भाभी? भाई..."

"बरे आहेत. बरे आहेत," ती दम खात म्हणाली. "ही त्यांनी पाठवली. जुन्या दुकानाची किल्ली."

अहदने पुडीकडे पाहिलं. फडकं भिजून तिच्या बोटांमधून पाणी ठिबकत होतं.

"आज तर कुणी सख्ख्याच्या हातूनही काही घेत नाही, भाभी," तो म्हणाला. आणि त्याने ओंजळ पुढे केली.

पुडी घेऊन, नाक ओढून तो म्हणाला, "हरलो. काय हवं त्याला?"

"ते तुलाच सांगणार म्हणतात. पण तारच मागतील."

अहदने दारामागून एक भेंडोळं काढलं. नवी तार होती, टोकांना प्लग जोडलेले.

"पानगळीपासून आणून ठेवलीय," तो म्हणाला. "न्यायचं धैर्य नव्हतं."

तो फावडं घेऊन पुढे झाला, ती त्याच्या पावलांत पाऊल ठेवत मागे. ती मनातल्या मनात कोंबडीही शिजवून मोकळी झाली होती.

अहद खोलीच्या उंबऱ्यातच थांबला. थोरल्या भावाची आत गेलेली छाती, उतरलेले खांदे, नाकातली नळी, हे त्याने इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. सिद्दीकनेच सुरुवात केली.

"म्हातारपणी मठ्ठ झालास. ओली पुडी घेतलीस?"

"तपकीर वाटली मला," अहद म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

"बस. रडू नकोस, दमा मला आहे."

अहदने तार पुढे केली. "खिडकीतून घेतो. आत्ता जोडतो. जनरेटर रात्रंदिवस चालू ठेवीन, भाई."

"जोड. तुझं समाधान होईल, हिचंही होईल." सिद्दीक थांबला, श्वास गोळा केला. "पण मी मागितलं ते हे नाही."

"मग?"

सिद्दीकने बोट उचललं. वाळवणाच्या माळांकडे.

"ते दार उघड. तुझ्या बाजूने फोड, धूळ इकडे कमी येईल. आजच."

"तार खिडकीतून येईल भाई, त्यासाठी दार कशाला?"

"तार येईल खिडकीतून. ही कुठून येईल?" त्याने झूनाकडे पाहिलंही नाही. "गल्ली बघितलीस ना? ऐन बर्फात माझं काही झालं, तर ही हाक मारायला कुठून जाईल? माझ्यापाशी एकटी बसून राहील, लोक येईपर्यंत. तंदूर राहू दे. तो गेला. दार तेवढं उघड."

अहदने थोरल्या भावाच्या पायांवर हात ठेवला, आणि पहार आणायला निघून गेला.

झूना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शालीवरचा बर्फ वितळून पाणी तिच्या पायांशी साचलं होतं. तिथे नको टांगूस. हे दार तेव्हाच त्याच्या मनात होतं तर. ती दोघांच्या पोटाचा हिवाळा खिळ्यांना टांगत होती, आणि तो गादीवर बसून तिच्या एकटीच्या हिवाळ्याची तजवीज करत होता. तिला त्याचा भयंकर राग आला. त्या हेक्याचा आला होता त्याहून कितीतरी जास्त.

"बोलायचंत ना," ती म्हणाली.

"काय बोलायचं होतं?"

"उतरवल्या असत्या मी."

विटांपलीकडे पहिला घाव बसला. चौकट हादरली, शलगमांच्या माळेतून माती गळली. झूनाने ओढणी ओली करून त्याच्या नाकातोंडावर धरली, आणि त्याने तिचा हात तिथेच दाबून ठेवला. घावावर घाव पडत राहिले. थोड्या वेळाने तिने हात सोडवून घेतला, ओढणी त्याच्या मुठीत दिली, भिंतीजवळ स्टूल ओढलं आणि एकेक माळ उतरवायला लागली.