फुकटचा धवला

दीपेशला पैसे आकारायला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हवा होता आणि मनस्वीला कुठलाच नको होता. पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत ही सख्खी बहीणभावंडं सकाळपासून यावरूनच भांडत होती.

त्यांच्या वेबसाइटचं नाव 'धवला'. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत ज्या त्या विधीला म्हणायचं गाणं तो धवला, आणि म्हणणारी बाई ती धवलारीण. गावोगावचे गळे मिटत चालले म्हणून मनस्वीनं कोन गावाला जाऊन भामाआतेची गाणी रेकॉर्ड करून आणली होती. आते म्हणजे त्यांच्या वडिलांची चुलतबहीण. विधी निवडायचा, बटण दाबायचं, की आतेचा आवाज मांडवात हजर. सगळं फुकट. नावाच्या वर कोपऱ्यात 'बीटा', म्हणजे अजून चाचणीवर, एवढा शब्द पहिल्या दिवसापासून चिकटलेला, तो अजून तिथंच होता.

दीपेश न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करी, आणि वेबसाइटचा खर्च त्याच्या पगारातून जाई. त्याचं म्हणणं असं, की ऐन वैशाखात गावंच्या गावं हळदीनं पिवळी झालीत, आज नाही तर कधी. तुझा बीटा आता शाळेत घालायच्या वयाचा झाला, असंही तो म्हणाला. मनस्वीनं सुनावलं, की तेलवणाचे, म्हणजे नवरीला तेल लावतानाचे, दोन धवले अजून भरायचे राहिलेत, अर्धवट गोष्टीचे पैसे घ्यायचे नसतात. आणि आतेच्या गळ्याला किमतीची चिठ्ठी लावायला तो काही बाजारातला टोप नाही. दुबईहून एका मुलीनं लिहिलं होतं, की परक्या देशात हळद लागताना आजीच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. ते तिनं दीपेशला पुन्हा एकदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, वाच, त्यानं वीजबिल भरलं जाईल.

एवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि भामाआते वर आली. नऊवारी नेसलेली, अबोलीचा वळेसर माळलेला, म्हणजे लग्नातून आलेली. मनस्वीनं पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

काल ती नात्यातल्या एका हळदीला गेली होती. आमंत्रण आलं तेव्हा तिला वाटलं, धवल्याला बोलावलंय. त्यांच्याकडची रीत अशी, की नवरीची आई तांदूळ, सुपारी, नारळ आणि लुगडं सुपात घालून धवलारणीपुढं मांडते. धवलारीण त्या सुपाला हात लावते तेव्हाच गळा उघडतो, आणि गळा उघडल्याशिवाय हळदीला कुणी बोट लावत नाही. तो तिचा मान. काल तिच्यापुढं सूप आलं नाही. एका पोरीनं तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हातात सरबत दिलं, आणि डीजेच्या भोंग्यातून गाणं आलं:

*हलद कुटा गो, कुटा माजे सयांनो,*
*लेक चालली गो, दारीचे जाई-जुयांनो.*

तिचाच आवाज. खाली ढोल घातलेला. दुसऱ्या कडव्याला पोरं नाचायला लागली. आपलंच गाणं ऐकत ती सरबताचा पेला धरून बसून राहिली, आणि कुणीतरी कौतुकानं म्हणालं, आते, तुमी किती मस्त गाता.

"या वैशाखान मना एक मांडव नाय," आते म्हणाली. "एक नाय. का बोलावतील? मी फुकट झाले ना."

मनस्वी म्हणाली, की आते, ते फक्त ट्रायलसाठी होतं.

"ट्रायल हाय म्हनून तर सूप नाय मांडलंस. मी बोलले, भाची हाय, घरची हाय, करून बगतेय पोर. सुपाला हात न लावता गायले. जल्मात पयल्यांदा." तिचा आवाज चढला नाही, खाली उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. "तुजा ट्रायल किती वर्सं चालतंय गो?"

दीपेश खुर्चीतून उठलाच. हेच तो म्हणत होता, पैसे आधीच लावायला हवे होते. आता प्रत्येक धवल्यामागं आतेला हिस्सा, निम्मा म्हटलं तरी चालेल, आजपासून.

आते त्याच्याकडं वळली. "तुला माजा गला इकायचा हाय, हिला वाटायचा हाय. मना कोनी इचारला?"

मनस्वीला राग आला होता दीपेशचा, डीजेचा, सरबत देणाऱ्या त्या पोरीचा. पण राग फिरून फिरून त्या कोपऱ्यातल्या 'बीटा' शब्दावरच येऊन बसत होता. त्या शब्दाच्या आडोशाला, आतेपुढं सूप न मांडताही, ती किती चांगली राहिली होती.

बंद कर, आते म्हणाली.

दीपेश हादरला. आज कितीतरी मांडवांत हळद आहे, लोकांनी यावर भिस्त ठेवलीय, निदान वैशाख सरू दे. त्यानं लॅपटॉपवर हात ठेवला.

"हात काढ," मनस्वी म्हणाली. तो काढेना तेव्हा तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी, पण त्याहून जोरात. मग एकेक धवला बंद केला. मांडवाचा, तेलवणाचा, हळदीचा, पाठवणीचा.

अर्ध्या तासात फोन सुरू झाले. उरणकडचा कुणी नवरीचा काका होता. हळद समोर वाटून ठेवलीय आणि गाणं लागत नाही, तुम्ही लोक पहिलं फुकट देता, सवय लावता आणि ऐन वेळी तोंड मिटता, असं तो शिव्यांच्या मधून मधून सांगत होता. पैसे हवेत तर बोला, किती, कधीपासून?

"ते आता मी ठरवत नाही," मनस्वी म्हणाली, आणि फोन आतेच्या हातात दिला.

आतेनं तो कानाला लावला. काकाचं ओरडणं खोलीभर ऐकू येत होतं. ती पदर सावरून खुर्चीत नीट बसली आणि त्याला दम लागेपर्यंत थांबली.

"तुजा झाला?" ती म्हणाली. "आता माजा आयक."