मेलेल्यांत काढलेली पेशी

मी एका बाईच्या रक्तातली पांढरी पेशी बोलतेय, आणि आधीच सांगते, मी रागात आहे.

तिच्या हाडांच्या मज्जेत मी जन्मले. आपलं कोण नि परकं कोण ते ओळखायचं आणि परक्याला हाकलायचं, एवढं काम देवाने दिलं. आतड्यातला कॅन्सर यकृतात जाऊन ठाण मांडून बसला, तेव्हा त्या गाठीत घुसणाऱ्यांत मी पुढे होते. पण पक्का गोडबोल्या तो! शेजारच्या पेशी फितवल्या, आम्हाला थोपटून थोपटून गप्प केलं. लढता लढता मी थकले. थकले, मेले नाही!

मग सर्जनने गाठीचा तुकडा काढला. प्रयोगशाळेत आम्हाला सुटं करून एकेका थेंबात एकेकीला कोंडलं, खूणचिठ्ठी लावली आणि फोडलं. पोटातले निरोप, म्हणजे कोणती पेशी काय करत होती ते सांगणारे आरएनए, यंत्राने वाचले. त्याची तक्रार नाही. गाठीत लढणाऱ्या पेशी सापडल्या, तरच बाईला अशा पेशींना पुन्हा जोर देणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीत घेणार होते.

आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी काय केलं? मेलेल्या पेशी वगळायची, निरोगी रक्तासाठी ठरवलेली चाळण जशीच्या तशी आम्हाला लावली! थकलेली पेशी वरवर मरणाऱ्या पेशीसारखीच दिसते. झालं, आम्ही सगळ्या कचऱ्यात. ‘गाठीत लढणारं कुणीच नाही’ म्हणून बाईला नकार कळवून मोकळे.

अहो, जिच्यासाठी जीव टाकला, तिलाच आमच्या नावावर नाही म्हणता?

त्यांच्या हाताखालची संशोधक मात्र संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसली होती.

“सर, टाकलेल्या एकदा बघू या?”

“कचरा चिवडायची भारी हौस तुला.”

“मरणाऱ्या पेशीतले निरोप विरतात, सर. ह्यांचे शाबूत आहेत. शत्रू ओळखायची खूणसुद्धा बहुतेकींची एकच, म्हणजे एकाच शत्रूवर तुटून पडलेल्या.”

प्रमुखांनी चष्मा पुसून परत घातला. चाळण सैल केल्यावर पडद्यावर आमचा, पेशीगणिक एक अशा ठिपक्यांचा, दाट पुंजका उमटला.

“अरे देवा,” ते पुटपुटले. “बाईंना फोन लाव.”

फोनवर बाई कडाडल्या, “परवा नाही म्हणालात, आज या म्हणता! मी माणूस आहे की तुमच्या यंत्राचं बटण?”

“चुकलं आमचं, मावशी,” प्रमुख म्हणाले. “कधी येताय?”

“कधी काय! चपला घालतेय.”

शाब्बास गं बाई! मी आता नुसता ठिपका, तुझ्या कामाची नाही. पण माझ्या बहिणी तुझ्या यकृतात अजून झुंजताहेत. शहाण्यांनो, त्यांच्यापर्यंत औषध पोचवा, आणि लवकर. तोवर माझा राग उतरायचा नाही.