बिननावाचा कठडा

मारझानने खुर्चीचा पाय काढला, उलटा केला आणि पाळण्याखाली लावून पाहिला. पाळणा एका बाजूला कलला. तिने तोंड वाकडं करून पाय पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवला. संगणकाच्या पडद्यावर काही मोडलं तरी आवाज होत नाही, भुसाही पडत नाही. म्हणून तर तिच्या आईचं या धंद्याविषयी फारसं चांगलं मत नव्हतं. आईला दोघी बहिणी अपा म्हणत.

"दिवसभर सुतारकाम, आणि घरात स्टूल एकच. तेही डुगडुगतं," खिडकीशी बसून चहात दूध ओतता ओतता अपा म्हणाली. "तो पाय कुणाचा होता?"

"पाव्लोदारच्या एका माणसाचा."

"आणि ती मूठ?"

"मूठ गुल्सिमची. ताराझची गुल्सिम गं, जिची पोरगी झेरे फोनवर गाणी म्हणते ती."

"मग यात तुझं काय?"

"जोडून द्यायचं काम, अपा," दिवाणावर लोळलेली अकबोता म्हणाली. "ताई वधूवर मंडळ चालवते. पाव्लोदारचा पाय, ताराझची मूठ, आणि लग्न इथं आपल्या कारागांदीत."

अकबोताला आठवा लागला होता. हसली की तिला धाप लागायची. ती हसली की अपा आणि मारझान आधी तिच्या पोटाकडे बघत आणि मग हसत. मागच्या खेपेला सातव्यात सगळं संपलं होतं. तेव्हा आणून ठेवलेली बाबागाडी अपाने झाकून शेजारणीच्या बाल्कनीत नेऊन टाकली, ती अजून तिथंच होती.

मारझान संगणकातली घरं सजवायची. लोक पडद्यावर आपापली घरं मांडतात, त्यांना हवं तसं कपाट, हवा तसा पलंग ती घडवून देई. सगळंच मुळापासून घडवत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून या कामातली मंडळी आपापले सुटे भाग एका सामाईक कोठारात ठेवत. ज्याला लागेल त्याने उतरवून घ्यावं, आपल्या वस्तूखाली मूळ मालकाचं नाव लिहावं आणि वस्तू पुरी झाली की मालकाला चित्र पाठवावं, बघा, तुमचा पाय कुठं उभा आहे. मालकाने उत्तर द्यायचं, 'भक्कम राहो.' एवढंच. हा रिवाज कुणी सुरू केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण तो चुकवणाऱ्याला दारात उभं करत नसत. मारझानला त्याचा अभिमान होता. सख्ख्या भावांत नाही एवढा सरळपणा आमच्यात आहे, असं ती अपाला सांगे.

अपाला ते पटत नसे.

"लोकांनी टाकलेलं उचलू नये," ती म्हणाली. "चौकातला कंगवासुद्धा उचलू नये. कुणीतरी आपलं दुखणं उतरवून ठेवलेलं असतं त्याच्यात. तू लहानपणी बाहुली उचलून आणली होतीस, आठवतं? चिंध्यांची. रात्री तुझं अंग असं तापलं की हात ठेववेना."

"जाळायची होतीस मग ती."

"जाळलं की ते घरातच राहतं. परत नेऊन ठेवली, होती त्याच जागी. सकाळी तू उठून पाव मागितलास."

"आणि बाहुली?" अकबोताने विचारलं.

"असेल उचलली कुणीतरी," अपा म्हणाली, आणि तिने चहाचा घोट घेतला.

पाळण्यावरूनही घरात वाद झालेच. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावाने दोरासुद्धा आणायचा नाही, यावर अपा ठाम होती. अकबोताला मात्र बाळाची खोली बघायची होती. निदान डोळ्यांनी तरी, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज असा झाला की अपाने काही वेळ टेबलावरचे तुकडे गोळा केले.

"पडद्यावर केलं तर चालेल," ती अखेर म्हणाली. "त्याला हात लागत नाही."

म्हणून मारझान तो पाळणा करत होती, बहिणीसाठी, जीव ओतून. पाय जमले, दांडे जमले, फक्त भोवतीचा कठडा मनासारखा होईना. मग तिने कोठारात शब्द टाकला: कोरशाव. कोरशाव म्हणजे कुंपण. मेंढ्यांचं, बागेचं, पाळण्याचं, सगळ्याला शब्द तोच. शेकडो कुंपणं आली. ती खाली खाली जात राहिली आणि एका ठिकाणी तिचा हात थांबला.

बारीक जाळीचा कठडा होता. वेलबुट्टी अशी की मेंढ्याची शिंगं एकमेकांत गुंतलेली, आणि चारही कोपऱ्यांवर एकेक चंद्रकोर. करणाऱ्याने घाईत केलेला नव्हता. एकेका वळणावर तो थांबला होता हे कळत होतं. खाली मालकाचं नाव नव्हतं. तीनच छोटी वाक्यं होती: घ्या. नाव लिहू नका. मला कळवू नका.

"विक्षिप्त दिसतोय," मारझान म्हणाली आणि तिने तो उतरवून घेतला.

दुसऱ्याचा भाग कधी सरळ बसत नाही. कुणाची मूठ दाराएवढी येते, कुणाचा पलंग काडेपेटीएवढा. ओढावं लागतं, कापावं लागतं, फिरवावं लागतं. हा कठडा तिने पाळण्यावर ठेवला आणि तो बसला. लांबीला बसला, रुंदीला बसला, कुठे केसभर फट नाही. तिने उगाच दोनदा माप घेऊन पाहिलं. आयतं काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं आणि ती उठून खिडकी लागली आहे की नाही ते पाहून आली. बाहेर कोळशाने काळवंडलेला बर्फ तसाच पडून होता.

अकबोताला पाळणा बेहद्द आवडला. "चंद्र! ताई, चारी बाजूंनी चंद्र!" तिने ते चित्र लगेच फोनवर लावून घेतलं, म्हणजे फोन उचलला की आधी पाळणा दिसेल.

अपाने चष्मा शोधला, पडद्याजवळ आली आणि एकेक चंद्रकोर निरखू लागली.

"हे मी कुठंतरी पाहिलंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"आठवत नाही." ती परत खिडकीशी जाऊन बसली, पण त्या संध्याकाळी तिने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा त्यात नेहमीचं चिमूटभर मीठ घालायला ती विसरली.

त्याच आठवड्यात अकबोताचे पाय सुजले. मग चेहरा सुजला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि घरी जायचं नाही, इथंच राहायचं, असं सांगितलं. बाळ हलतंय ना, असं त्या सकाळ-संध्याकाळ विचारू लागल्या. अकबोता आधी हो म्हणे. मग ती फोनवर म्हणाली, "ताई, तो झोपलाय वाटतं. फार झोपतोय."

अपा दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसली. मारझान घरी डबा करायला आली होती. सूप उकळत होतं आणि तिला हात रिकामे ठेवणं सोसेना. म्हणून तिने साठलेली कामं काढली. कुणाकुणाला चित्रं पाठवायची राहिली होती. पाव्लोदारच्या माणसाला पाठवलं, गुल्सिमला पाठवलं. मग तिला कठड्याचा मालक आठवला. कळवू नका म्हणाला होता खरा, पण असं कुणाचं काम फुकट घेऊन गप्प बसणं तिला पटत नव्हतं. ज्या खात्यातून तो कठडा आला होता ते तिने कोठारात शोधलं, तिथं नाव आणि फोन नंबर मिळाला: झेझ्काझ्गानचा येरसाइन. तिने पाळण्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'तुमचा कठडा माझ्या भाच्याच्या पाळण्यावर बसला आहे. मनापासून आभार.'

'भक्कम राहो' असं उत्तर आलं नाही. फोन आला.

"तुम्ही उतरवून घेतलात?" एका माणसाने विचारलं. आवाज खरखरीत, आणि मागे कुठेतरी पोरांचा दंगा.

"हो. फार सुरेख..."

"तुम्हीच? स्वतः?"

"हो. का?"

"लिहिलं होतं ना मी, कळवू नका म्हणून! का कळवलंत?"

"अहो, रीत असते. रागावता कशाला? तुमचं नावही लावते हवं तर."

"नाव नका लावू," तो घाईने म्हणाला. "तुम्ही कोरशाव शोधलंत का, बहीण?"

"हो. पाळण्याला हवं होतं."

"मी वेल्डर आहे. कोरशाव करतो, आधी पडद्यावर आखतो, मग लोखंडात. इथल्या कबरस्तानात कबरींभोवतीची निम्मी माझीच आहेत. बसमधून दिसतात, कोपऱ्यांवर चंद्र असलेली."

मारझानने सुपाखालचा गॅस बंद केला.

"माझी मुलगी इस्पितळात होती," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, तयारी ठेव. मी काही करत नव्हतो, खरं सांगतो, माझे हात करत होते. तिच्या मापाचं केलं. करून झालं आणि मी ते बघत बसलो, तर तिकडून निरोप आला की पोरीने डोळे उघडले. आमच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली, तिच्यासाठी जे केलंस ते चौकात ठेवून ये, मागे वळून बघू नको. आता हे मी कुठल्या चौकात ठेवू? हातात धरता येईल असं काही होतं का ते? म्हणून तिथं ठेवलं. तिथून सगळे जातात."

"तुम्हाला लाज नाही वाटली?" ती म्हणाली. आपला आवाज एवढा हळू का आहे ते तिला कळेना.

"मुलगी आता शाळेत जाते," तो म्हणाला. "मला माफ करा, बहीण." आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला तर लागेना. पुन्हा लावला. त्याने तिचा नंबरच बंद करून टाकला होता.

ती पडद्यासमोर बसली. पाळणा तिथेच होता, पांढरा, शेजारी कापडी ससा. आता तिला दुसरं काही दिसेना. अकमोलाच्या रस्त्यावर, उघड्या माळावर बसच्या खिडकीतून लहानपणापासून पाहिलेली ती लहान लहान कुंपणं, बर्फातून वर आलेल्या चंद्रकोरी. एवढं कसं कळलं नाही आपल्याला? तिने पाळण्यावरून कठडा उचलला. पुसून टाकण्याच्या कळीवर बोट नेलं आणि बोट तिथेच राहिलं. जाळलं की ते घरातच राहतं, अपा म्हणाली होती.

फोन वाजला. अपा होती. "मशीन लावलंय. ठोके लागत नाहीयेत नीट. तू ये," एवढंच म्हणून तिने ठेवला.

मग मारझानने फार विचार केला नाही, किंवा केला असेल तर तो हातांनी केला. तिने दुसऱ्याच नावाने कोठारात खातं उघडलं, पहिलंच सुचलेलं नाव टाकलं आणि कठडा तिथे ठेवला. लोकांनी उचलावा म्हणून त्याचा रंग थोडा उजळ केला, मागे एक खेळणं ठेवून छानसं चित्र काढलं. शब्दही बदलला. नुसतं कोरशाव न लिहिता 'लहान मुलांसाठी' असं लिहिलं. खाली लिहिलं: घ्या. नाव लिहू नका. कळवू नका. अंगावर कोट घातला, डबा घेतला आणि पडद्याकडे वळून न बघता ती घराबाहेर पडली.

दवाखान्यात त्यांनी तिला आत सोडलं नाही. बाकावर अपाशेजारी ती बसून राहिली. अपाने तिचा हात हातात घेतला होता. सूप डब्यात गार होत गेलं. समोरच्या दाराची काच दुधी होती आणि तिच्यामागे पांढरे डगले इकडून तिकडे जात होते. अपा ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होती आणि मारझानला तिच्याबरोबर एक शब्दही म्हणता येत नव्हता.

फोन थरथरला. गुल्सिमचा संदेश होता, आणि एक चित्र.

चित्रात एक लहान पलंग होता, गुलाबी चादरीचा. त्याच्या भोवती तो कठडा.

'अगं बघ, आज कोठारात काय सापडलं! आमच्या झेरेची खोली मांडतेय, ती शेजारी बसून हुकूम सोडतेय. म्हणते, माझ्या पलंगाला चंद्र हवेत. आणि गंमत बघ, काही कापावं लागलं नाही. अगदी मापात बसला.'

मारझानने काही तरी लिहायला घेतलं. काढ तो, एवढंच लिहायचं होतं. अक्षरं उमटली, तिने ती पुसली, पुन्हा लिहिली.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई टोपी मागे सारत बाहेर आल्या आणि चक्क हसल्या. "नुसता पडून राहिला होता लबाड. आता लाथा मारतोय. ऐका जाऊन ठोके."

अपा उठली आणि लगेच खाली बसली. तिला रडू आवरेना. "ऐकलंस?" ती म्हणाली. "मारझान, ऐकलंस का गं?"

"ऐकलं, अपा."

फोन पुन्हा थरथरला. 'मालकाचं नावच नाही बघ,' गुल्सिमने लिहिलं होतं. 'मग आम्हाला भक्कम राहो कोण म्हणणार? झेरे म्हणते, मावशीला म्हणायला सांग.'

दुधी काचेमागून अकबोताचं हसू ऐकू आलं. धाप लागलेलं, तिचंच. मारझानने आधी लिहिलेलं अक्षर अक्षर पुसलं. मग तिने लिहिलं, 'भक्कम राहो', पाठवलं आणि बहिणीकडे आत गेली.