लेखकाची बर्फगाडी आणि गाळलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. मला चाके नाहीत. खाली वाकवलेल्या दोन लाकडी पट्ट्या आहेत, त्यांच्यावरून मी बर्फात घसरत पळत असे. आज मी एका मोठ्या लेखकाच्या, आता संग्रहालय झालेल्या घरी, जाड दोरीच्या पलीकडे उभी आहे. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे, 'या गाडीतून लेखक रानाची शोभा पाहायला जात.' लोक ती वाचतात आणि पुढे सरकतात. लेखक माझ्यात बसून काय करत, ते मला कोणी विचारत नाही.

रशियातल्या ओका नदीकाठच्या एका सुताराने मला घडवले. बर्चच्या लाकडाला वाफ देऊन तो ते हळूहळू वाकवी. घाई केली की लाकूड तडकते, म्हणून कामाच्या वेळी तो कोणाला आत येऊ देत नसे. अस्वलाच्या कातड्याचे पांघरूण घालून मला इनोकेंती प्लातोनोविच यांच्या दारात उभे केले, तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. त्यांचे नाव पीटर्सबर्गपर्यंत गाजत होते. त्यांची कादंबरी मासिकात तुकड्यातुकड्यांनी छापून येई आणि पुढचा तुकडा येईपर्यंत लोकांना चैन पडत नसे.

ती कादंबरी आधी माझ्यात जन्म घेई. इनोकेंती प्लातोनोविच गाडीत बसून मोठ्याने बोलत. कधी सासू होत, कधी सून, कधी लाचखाऊ अंमलदार. एकदा त्यांनी पाद्रीबुवांचा आवाज असा काढला की गाडीवान सीसोयने दचकून टोपीच काढली.

"मालक, आधी सांगत जा," तो म्हणाला, "मी पापं आठवायला लागलो होतो!"

त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांची बायको ग्लाफिरा निकानोरोव्ना प्रत्येक प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. ती प्रेमात असली की नवऱ्याला 'केशा' म्हणे. रागावली की पूर्ण नाव आणि 'तुम्ही'. पूर्ण नाव मी तेव्हा फार क्वचित ऐकत असे.

मग एका हिवाळ्यात तिची धाकटी बहीण आग्निया कायमची राहायला आली. नवरा मारझोड करतो म्हणून ती घर सोडून निघाली होती. मागे दोन वर्षांचा मुलगा राहिला होता, आणि पुढे महिन्याभरात तो घटसर्पाने गेला. एवढे सगळ्यांना ठाऊक होते. त्यापुढचे तिने कोणाला सांगितले नव्हते, सख्ख्या बहिणीलाही नाही.

ते तिने माझ्यात बसून सांगितले. दुपारची वेळ होती. सीसोय घोड्याच्या नालात अडकलेला बर्फ काढायला खाली उतरला होता.

"भावोजी, मी निघाले तेव्हा तो जागा झाला," ती म्हणाली. "पाळण्यातून विचारलंन, 'मा, उजाडलं?' मी म्हटलं, 'नाही रे, नीज.' आणि दार ओढून घेतलं. तो निजला भावोजी. माझं ऐकून निजला."

इनोकेंती प्लातोनोविच यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे हात आपल्या हातांत धरले.

"ताईला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगणार."

घरापाशी ती उतरून आत गेली. ते बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलू लागले. 'मा, उजाडलं?' त्यांनी हळूच म्हणून पाहिले. मग पुन्हा, थोडे निराळे. मग आणखी एकदा. मित्रांनो, माझ्या अंगावर घातलेले कातडे अस्वलाचे होते, पण त्या वेळी मलाही थंडी वाजली.

ते प्रकरण ग्लाफिरा निकानोरोव्नानेच उतरवून काढले. पुढच्या फेरीत माझ्यात बसल्यावर तिने विचारले, "केशा, ही बाई तुला भेटली कुठे? उतरवताना मला पुढची ओळ दिसेना, इतकं रडू येत होतं."

"अशा बाया सगळीकडे असतात," ते म्हणाले, आणि रानाकडे पाहू लागले.

उपासांच्या आधीचा लोण्याचा आठवडा आला. घरोघर ब्लिनी, म्हणजे लोण्यात बुडवलेली धिरडी, रचली जाऊ लागली. नदीपलीकडच्या जमीनदारांकडे जेवणाचे बोलावणे होते. तिघेही माझ्यातून निघाले. ऊन चांगले पडले होते. नदी ओलांडताना बर्फ माझ्याखाली कुरकुरला, तसा सीसोय मागे वळून म्हणाला, "येताना पुलावरून वळसा घालू मालक. ही नदी आता माणसांना कंटाळली आहे."

पलीकडे मला दिवाणखान्याच्या खिडकीखाली उभे केले. चुलीच्या उष्म्याने आत कोंडत असावे, कारण खिडकीची लहान झडप उघडी होती. जेवणे झाली. मासिकाचा ताजा अंक तिथे आधीच पोहोचला होता. यजमानीणबाई म्हणाल्या, "लेखक घरात असताना आम्ही का वाचायचं? तुम्हीच वाचा ना!"

नाही म्हणता आले असते. घसा बसला आहे, एवढे सांगितले तरी पुरले असते. पण टाळ्या पडल्या, आणि इनोकेंती प्लातोनोविच वाचू लागले.

ते सुरेख वाचत. आत कोणी चमचाही वाजवत नव्हते. मग ती ओळ आली. त्यांनी ती अगदी हळू, लहान मुलाच्या आवाजात म्हटली.

एक बाई म्हणाल्या, "असल्या बाईला आई म्हणायचं का हो?"

"मांजरीसुद्धा पिल्लू तोंडात धरून नेते!" दुसऱ्या कोणीतरी भर घातली.

"पुढे काय होतं तिचं?" यजमानीणबाईंनी विचारले.

"शेवट नदीत," इनोकेंती प्लातोनोविच म्हणाले. वाचनाची धुंदी अजून त्यांच्या आवाजात होती. "तिला दुसरी वाटच नाही."

पुढच्या क्षणी आग्निया बाहेर आली. डोक्याला शाल नाही, हातात मोजे नाहीत. सीसोय स्वयंपाकघरात धिरडी खात होता. तिने लगाम उचलले आणि माझ्यात बसली. घोडा तिच्या ओळखीचा होता, तो निमूट निघाला. फाटकाबाहेर पुलाची वाट डावीकडे जात होती. तिने घोड्याला उजवीकडे, नदीकडे वळवले.

मी लाकूड. मी ओरडणार कशी? उतार संपला आणि माझ्या पट्ट्यांना सकाळचा तो कडक बर्फ लागलाच नाही. वर पाणी साचले होते. खाली काहीतरी लांबवर कडाडत गेले. नदीच्या मध्यावर घोडा थांबला. कान मागे टाकून तो थरथरू लागला. आग्नियाने चाबूक उचलला नाही. तीही तशीच बसून राहिली.

काठावर आरडाओरडा झाला. सीसोय धावत येत होता, पण त्याच्या पुढे इनोकेंती प्लातोनोविच होते, बिनटोपीचे. ते बर्फावर आले. बर्फ वाकू लागला, तसे पोटावर आडवे झाले आणि सरपटत पुढे आले. एवढा मोठा माणूस पाण्यात भिजत माझ्याकडे सरपटत येत होता.

"आग्निया, उतर. हळू उतर."

"का? तुम्हीच म्हणालात ना, दुसरी वाट नाही?"

"ती कादंबरी आहे!"

"तो माझा मुलगा आहे, भावोजी." तिचा आवाज चढला नव्हता. "मला एकच सांगा. मी त्या दिवशी इथे बसून रडत होते, तेव्हा तुम्ही ऐकत होता, की लिहीत होता?"

घोड्याच्या मागच्या पायाखाली पाणी वर आले. तेव्हा खोटे बोलणे सोपे होते, आणि कदाचित शहाणपणाचेही. इनोकेंती प्लातोनोविच यांनी गाल बर्फाला टेकवला.

"दोन्ही," ते म्हणाले. "मला ऐकताना लिहिणं थांबवता येत नाही. कधीच आलं नाही."

ती हलली नाही. तेवढ्यात काठावरून दुसरी हाक आली.

"आग्नूश्का! थांब, मी येतेय!"

ग्लाफिरा निकानोरोव्ना बर्फावर उतरली होती. ती अंगाने भरलेली, वर जड कोट घातलेला. सीसोय तिला मागे ओढत होता, ती त्याला ढकलत होती. दुसऱ्याच पावलाला तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

"ताई, मागे हो!" आग्निया किंचाळली. "मागे हो म्हणते ना! वेडी आहेस का?"

"तू ये, मग होते!"

आग्निया उतरली. इनोकेंती प्लातोनोविच यांनी तिचा हात धरला आणि दोघे पोटावर सरपटत काठाला लागले. सीसोय लांब वासा घेऊन आडवा झाला आणि त्याने घोड्याचे पट्टे कापून त्याला सोडवले. घोडा सुटला, आणि मी खाली गेले. डावी पट्टी बर्फाच्या कडेवर अडकून मोडली, म्हणून तळाला गेले नाही, एवढेच. काठावर दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.

"इनोकेंती प्लातोनोविच," ग्लाफिरा निकानोरोव्ना म्हणाली, "तुम्ही माझ्याकडून माझ्याच बहिणीचं काळीज उतरवून घेतलंत."



दुसऱ्या दिवशी सीसोयने मला दोरांनी ओढून काढले. आग्निया उन्हाळ्याआधी दूरच्या गावी गेली आणि तिथे रुग्णालयात परिचारिका झाली. ग्लाफिरा निकानोरोव्नाने नवऱ्याचा संसार केला, म्हातारपणी त्याची सेवाही केली, पण त्याची एक ओळसुद्धा पुन्हा उतरवली नाही. कादंबरी पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यात पाळण्यातल्या मुलाची हाक नव्हती. अख्खे पान गाळले होते, आणि ती बाई नदीकडे गेलीच नाही. मासिकात ज्यांनी वाचले होते ते हळहळले. टीकाकार म्हणाले, लेखकाने आपल्या हाताने आपली उत्तम कृती बिघडवली. इनोकेंती प्लातोनोविच यांनी कधी खुलासा केला नाही.

मला गोठ्यामागच्या पडवीत टाकले. माझ्या बैठकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. कातडे कसरीने खाल्ले.

इनोकेंती प्लातोनोविच वारले, तेव्हा आग्निया आली. दफन आटोपल्यावर दोघी बहिणी, केस पिकलेल्या, लोकांपासून दूर पडवीत येऊन माझ्यात बसल्या.

"पुस्तक वाचलंस?" ग्लाफिरा निकानोरोव्नाने विचारले.

"आत्ता, या वर्षी. धीर झाला तेव्हा," आग्निया म्हणाली. "ताई, ते पान काढायला नको होतं गं त्यांनी. माझ्या पोराचा फोटो नाही माझ्याकडे, कपडा नाही. आवाज तेवढा तिथे होता."

"त्याला वाटलं, पान काढणं तुझ्यासाठी..."

"ठाऊक आहे. पण मला विचारलं नाही. घेतानाही नाही, काढतानाही नाही."

ग्लाफिरा निकानोरोव्नाने डोळे पुसले. "मी उतरवलं होतं ते पान. माझं पाठ आहे."

"सगळं?"

"सगळं."

आग्नियाने माझी कड धरली. "म्हण," ती म्हणाली.

आणि त्या पडवीत, कोंबड्यांच्या कलकलाटात, ग्लाफिरा निकानोरोव्ना ते पान अगदी हळू, एकही शब्द न चुकता म्हणत गेली. आग्निया डोळे मिटून ऐकत होती.

मित्रांनो, माझी मोडकी पट्टी संग्रहालयाच्या लोकांनी नीट बसवली, मला तेल पाजले, त्याबद्दल मी ऋणी आहे. लाकूड जपणे सोपे असते. पण कोणी विश्वासाने आपले दुःख तुमच्या ओंजळीत ठेवले, तर ते घेताना विचारा आणि टाकतानाही विचारा. ते तुमचे नसते.