शेवटचा हंडा

स्नेहाने आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडून ठेवलं होतं, सकाळी न्हाऊन कोर्टात उभं राहायचं म्हणून. कोर्ट म्हणजे काही खरं नव्हे, सुरतच्या लॉ कॉलेजातल्या अभिरूप न्यायालयाची अंतिम फेरी. पण जिंकणाऱ्याला हायकोर्टातल्या एका वकीलबाईंच्या हाताखाली शिकायला मिळणार होतं, आणि कोसाडच्या सरकारी आवासातल्या पोरीला असा दरवाजा दुसऱ्यांदा कोण उघडतो?

खटला होता चंद्रावरच्या पाण्याचा. एका काळोख्या खड्ड्यात बर्फ, आणि त्यावर दोन कंपन्यांचा डोळा. पहिली आधी उतरली, यंत्र बसवलं आणि म्हणाली, सगळं आमचं. स्नेहा दुसरीची वकील. चंद्र कुठल्याच देशाचा नाही, असं अंतराळाचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पण खणून काढलेल्या बर्फाचं काय, यावर जाणत्यांचंही एकमत नाही. थोडक्यात, बाजू लंगडी.

त्यात मेली इमारतीची मोटर त्याच आठवड्यात जळाली. साऱ्या बिऱ्हाडांना खाली एकच नळ, आणि त्याची चावी स्नेहाच्या आजोबांकडे. भाईदास त्यांचं नाव, सगळे आबा म्हणायचे. आबा मूळचे साक्रीकडचे. त्यांचे वडील गावच्या पाटावर बारेकरी होते. तिथे शेतमालकाने स्वतः पाण्याची दारं धरायची नाहीत, बारेकऱ्याने सगळ्यांना पाणी द्यायचं. आणि आबांच्या वडिलांचा शिरस्ता असा, की आपला वाफा भिजवायचा तो सगळ्यांच्या मागून. चाळीस वर्षं लूमवर काढूनही आबांच्या डोक्यातून ते काही गेलं नव्हतं.

सकाळी हंड्यांची रांग लागली. आज एक दिवस पोरीची बादली आधी भरा, काय आभाळ कोसळतं का, असं आजी उषाबाईंनी चार वेळा सुनावलं. शेजाऱ्यांचीही ना नव्हती. आबांनी मान वर केली नाही.

"चावी मना हातमा शे," ते म्हणाले, "म्हनीसनच आपला हंडा आखरीले."

शेवटून दुसरा हंडा भरला आणि नळाने सुस्कारा सोडला. पाणी गेलं. शेजारच्या जयश्रीने अर्धी बादली पुढे केली, पण स्नेहाचा पारा चढलेला. तिने ती फणकाऱ्याने परत केली आणि तशीच, तेलकट वेणी घालून निघाली. रिक्षात तिला रडू आलं. आबांचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

समोरच्या धर्मेंद्रने झकास युक्तिवाद केला. जो आधी पोचला, ज्याने जोखीम घेतली, पाणी त्याचं. स्नेहाने करारातली कलमं वाचून यंत्रवाल्याने आधी इतरांना पाणी द्यावं असं मांडलं, पण न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. शेवटी त्यांनी विचारलं, यंत्र ज्याच्या हातात आहे त्याने आधी दुसऱ्याला द्यावं, हे कागदावर छान दिसतं. पण स्वतःचं नुकसान सोसून कुणी असं वागल्याचं एक तरी उदाहरण आहे का?

स्नेहाने कागद चाळले. त्यात काहीच नव्हतं. कपाळावर ओघळलेलं तेल पुसायला तिने हात वर नेला, आणि तो तिथेच थांबला.

"आहे, मॅडम," ती म्हणाली. "कोसाडला. नळाची चावी माझ्या आजोबांकडे आहे, म्हणून आमचा हंडा शेवटी. आज पाणी त्याच्या आधीच संपलं. माझं डोकं बघा."

सभागृहात हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी स्नेहा जिंकल्याचं पत्र घेऊन घरी आली. आबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, मग चंद्रावर पहिलं पाणी कुणाला? मागून आला त्याला, ती म्हणाली. आबांनी समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आबांचे गुडघे धरले होते. तिने न सांगता चावी उचलली, खाली गेली आणि आपला हंडा रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. डोक्याला अजून तेल होतंच.