सगळ्यांना विचारलं का?

ताई मुख्याध्यापिका झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःच्या खोलीतलं भलंमोठं टेबल बाहेर काढून तिथे गोल खुर्च्या मांडल्या. तेव्हापासून शाळेचा प्रत्येक निर्णय त्या गोलात व्हायला लागला. शिक्षक, शिपाईमामा, पालक, सगळे तिथे. पितळी घंटी ज्याच्या हातात, तो त्या दिवशीचा प्रमुख, आणि घंटी दर बैठकीला पुढच्या खुर्चीकडे जायची. मत हात वर करून द्यायचं, कारण तोंडाने सांगायचं. ताईचा हात मात्र सगळ्यांत शेवटी. ती म्हणायची, "माझा आधी वर गेला, तर तुम्ही माझ्याकडे बघून हात वर कराल."

मी तिची धाकटी बहीण, त्याच शाळेत गणित शिकवते. मला या बैठकांचा मनस्वी कंटाळा. नळाला तोटी कसली बसवायची यावर अख्खी संध्याकाळ जायची.

"ताई, तू सांग आणि मोकळी हो ना," मी करवादायचे.

"मी काय तुम्हाला जन्माला पुरणार आहे?" ती हसायची.

मग ती विसरायला लागली. आधी नावं, मग चाव्या, मग स्वतःचा तास. मी सावरून घ्यायचे. घरी आम्ही दोघीच, त्यामुळे बोलणार तरी कोण? पण परवा मधल्या सुट्टीतच तिला वाटलं, शाळा सुटली. तिने सांगितलं म्हणून शिपाईमामांनी फाटक उघडलं आणि पहिलीची मुलं दप्तरं घेऊन निघाली. आम्ही सगळे शोधायला धावलो. बाकीची लगेच सापडली. शिंपीणकाकूंची मुलगी शेवटी सापडली, हमरस्त्याच्या कडेला, एक बूट हातात धरून रडत.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. घंटी नेमकी माझ्याकडे. माझं नशीबच तसं.

शिंपीणकाकू उभ्या राहिल्या. "ताई, मला फाटकाच्या आत यायची भीती वाटायची. तुम्ही हाताला धरून या खुर्चीत बसवलंत. आता इथूनच तुम्हाला कसं बोलू?"

"बोला," ताई म्हणाली, "खुर्ची त्यासाठीच दिलीय."

"तुम्ही आता थांबा, ताई," एवढं म्हणून त्या पदराआड हुंदके द्यायला लागल्या.

विचारायचं मलाच होतं. मी घंटी वाजवली आणि विचारलं, "ताईंनी पद सोडावं, असं कोणाला वाटतं?"

एकही हात हलला नाही. शिपाईमामा खाली मान घालून बसले होते. तेव्हा ताईने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपला हात आधी वर केला.

"कारण सांगते. मुलगी काल सापडली. प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही."

मग एकेक करत हात वर गेले. माझाच राहिला.

"तुझा?" ताईने विचारलं.

"मला नाही जमणार गं."

"इथे माझी बहीण नाही बसलेली. गणिताच्या बाई बसल्यात. आणि कारणही सांगायचं."

मी हात वर केला. "मुलं तुझं ऐकतात, ताई. तू जा म्हटलंस की जातात."

ती माझ्याकडे बघून हसली. शाबासकी देताना हसायची, तशीच.

आज सकाळी उठले तर ताई इस्त्रीची साडी नेसून, पर्स खांद्याला अडकवून दारात उभी. "चल लवकर, प्रार्थना चुकेल."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"सगळ्यांना विचारलं का?"

"हो."

"आणि तू?"

"मीही हात वर केला."

"मग बरोबरच असेल," ती म्हणाली आणि वाकून चपला काढायला लागली.

हे सगळं मी आज सकाळी म्हणून लिहिलं, पण आता प्रत्येक सकाळ अशीच असते. एकदा मला सांगवेना, म्हणून शाळेला सुट्टी आहे अशी थाप मारली. तर कपाळाला आठ्या घालून म्हणते, "सुट्टी कोणी ठरवली? सगळ्यांना विचारलं का?"

मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बाकीचे एकदाच हात वर करून आपापल्या घरी गेले. माझा रोज सकाळी वर जातो, तिच्यासमोर.